जपानी मांजराला चंदनाचा हार

घरात खरं मांजर ठेवायला आमच्या शेवंती सोसायटीची परवानगी लागत नाही, निदान ही गोष्ट घडेपर्यंत तरी लागत नव्हती. भिंतीवर मांजराचं चित्र लावायचं असेल तर मात्र लागते. कारण चित्राला खिळा लागतो, खिळ्याला ड्रिल लागतं आणि ड्रिलला सेक्रेटरींची सही लागते. आयुष्यभर विमा कंपनीत इतरांना सह्यांसाठी फिरवल्यावर निवृत्तीनंतर आपल्यालाही कुणी फिरवावं, यात एक न्याय आहे. तो न्याय इतक्या लवकर मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं की माझी बायको सुमती जिन्यात घसरली. नुसतं मुरगळलंय म्हणता म्हणता घोट्याचं हाड मोडलेलं निघालं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून प्लास्टरचे दिवस काढायला ती कळंबोलीला बहिणीकडे तळमजल्यावर जाऊन राहिली. यथावकाश प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी जिना चढायलाही मुभा दिली. आता तिने नवीन पनवेलला परत यायचं, मी आलं घालून चहा करायचा आणि संसार पुढे सुरू व्हायचा, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बोका आडवा आला.

हा बोका म्हणजे सुमतीचा जायफळ. रंग जायफळाचा आणि दिवसभर असा झोपलेला की दुधातून जायफळ दिलंय की काय असं वाटावं. दुपारी तासभर तेवढा तो जागा असतो आणि तो तास गच्चीवर घालवतो. गच्चीवर मालूबाय बोंबील वाळत घालतात. मालूबाय म्हणजे आमचे सेक्रेटरी हरेशभाऊ यांच्या आई. वय सत्तरीच्या पुढे, आवाज चाळिशीतला. या भागात जेव्हा नुसती शेतं आणि मिठागरं होती तेव्हापासून त्यांचं घराणं इथे आहे, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या दृष्टीने कालचे पाहुणे. पाहुण्याच्या बोक्याने बोंबील पळवावेत आणि तेही रोज, हे त्यांनी किती काळ सोसावं? रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक नवा विषय आला, 'तिसऱ्या मजल्यावरील बोक्याचा बंदोबस्त'. बंदोबस्त म्हणजे पिंजऱ्यात धरून खाडीपलीकडे सोडून येणे.

हे सुमतीला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. तिने मला फोन केला. आवाज चढवला नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"जायफळ राहणार असेल तर मी येते," ती म्हणाली. "त्याला हाकललं तर मी इथेच बरी. माझ्या मांजराला जागा नाही त्या घरात मला जिने चढून जायचं नाही."

कुणीही शहाणा माणूस अशा वेळी खाली जाऊन मालूबायसमोर हात जोडून उभा राहिला असता. मीही तो विचार केला. पहिल्या मजल्यावर त्यांच्या दारापर्यंत उतरलोसुद्धा. आतून मालूबायचा आवाज आला, त्या मासेवालीला काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि मी तसाच वर आलो. मग मी ठरवलं की मालूबायशी बोलण्यापेक्षा हॉल सजवावा. पुरुषमाणसाचं धैर्य कुठून कुठे वळेल सांगता येत नाही.

कल्पना आमच्या सईची. ती बंगळूरला असते आणि तिथून आम्हाला सुधारत असते. ती म्हणाली, बाबा, जपानी लोकांनी मांजरांची फार सुंदर चित्रं काढलीत, लाकडी ठशांवरून छापलेली, दोनशे वर्षांपूर्वीची. आईसाठी ती लावा. घर मांजराचंही आहे हे एकदा भिंतीवर दिसलं की आईची खात्री पटेल. तिने मोबाइलवर चित्रांचा ढीग पाठवला. आता चित्रकलेत मी अगदीच अडाणी नाही. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा 'क' श्रेणीत उत्तीर्ण झालो आहे आणि ते प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. तरी कबूल करतो की ती चित्रं बघून मी थक्क झालो. एक मांजर बाईच्या पायघोळ कपड्याच्या घडीत झोपलेलं, एक पावसात केळीच्या पानाखाली वैतागून बसलेलं, एक सज्जातून खालच्या मासेवाल्याकडे सरळ बघणारं. त्या चित्रकाराने मांजराची पाठ एकाच रेषेत काढली होती, आणि त्या एका रेषेत 'मला तुमच्याशी काही कर्तव्य नाही' हे स्वच्छ वाचता येत होतं. त्याच्या घरीही जायफळ असणार.

निवड करायला मी बसलो आणि सल्ले देणारे आपोआप जमले. शेजारच्या फ्लॅटमधल्या हेतलने ऑनलाइन वास्तुशास्त्राचा कोर्स केला आहे. झोपलेलं मांजर लावलं तर घराचं नशीब झोपतं, पावसातलं लावलं तर पैसा वाहून जातो आणि मासेवाल्याकडे बघणारं लावलं तर परक्या घरावर नजर राहते, असं तिचं मत पडलं. त्यापेक्षा धावणारे सात घोडे लावा, ती म्हणाली. मी म्हटलं, सुमती घोडे पाळत नाही. यावर ती थोडी नाराज झाली, पण शास्त्र सांगणाऱ्याला हे सोसावंच लागतं.

वरच्या मजल्यावर बेला मनासे राहतात, बेने इस्राएली ज्यू, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा यायर इस्राएलला गेला, त्याने शंभरदा बोलावलं, पण बेलाताईंना पनवेलचं पाणी सोडवत नाही. सोसायटीत अभिरुची म्हणून काही असेल तर ती त्यांच्याकडे आहे. त्यांनी चष्मा लावून सगळी चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, गर्दी करू नका कमलाकर, एकच लावा, पण मोठं लावा, आणि ज्याचं तोंड आपल्याकडे आहे असं लावा. मला पटलं. ढिगात एक तपकिरी मांजर समोर तोंड करून बसलेलं होतं, अगदी जायफळाचा जुळा भाऊ शोभावा असं. तेच नक्की केलं. पुढचा सगळा घोटाळा या उत्तम सल्ल्यातून झाला, पण त्याचा दोष बेलाताईंना देता येणार नाही.

मग हरेशभाऊंची सही. त्यांनी चित्र निरखून पाहिलं आणि बाजूची उभी अक्षरं बघून विचारलं, काका, हे चायनीज तर नाही ना, उद्या कुणी ऑब्जेक्शन घेतलं तर मला निस्तरावं लागेल. मी जपान आणि चीन यांच्या इतिहासातला फरक समजावून सांगितला. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं की जपानीच आहे हे लिहून कोण देईल. शेवटी मीच दिलं. परवानगी मिळाली ती एकाच भिंतीची. पूर्वेच्या भिंतीत पाण्याचे पाइप, पश्चिमेला खिडकी, उत्तरेची भिंत हेतलशी सामाईक. उरली दक्षिणेची.

छपाई आणि फ्रेम, दोन्हीसाठी मी जुन्या पनवेलमध्ये एसटी स्टँडजवळ आनंदाच्या दुकानात गेलो. आनंदा गावोगावच्या भाऊंच्या वाढदिवसांचे फ्लेक्स छापतो, आणि देवांच्या नि दिवंगतांच्या तसबिरी करतो. या दोन टोकांच्या मधलं कुणी त्याच्याकडे येत नाही. मांजर बघून तो गांगरला नाही, हे त्याचं मोठेपण. पहिला नमुना आला त्यात मांजराभोवती सोनेरी झालर होती आणि खाली 'शुभेच्छुक' लिहून रिकामी वर्तुळं सोडलेली होती. ती काढायला लावली. दुसऱ्या नमुन्यात जपानी अक्षरं आणि लाल शिक्का गायब. "कुनीतरी वर गिचमिड केली व्हती, ती साफ केली," आनंदा म्हणाला. ती गिचमिड परत आणायला मला अर्धा दिवस बसावं लागलं. तिसऱ्यांदा सगळं सुरेख जमलं. कागद जाड, रंग मऊ, मांजराच्या डोळ्यांत तोच तुच्छतेचा भाव. काच बसली, फ्रेम ठोकून झाली, आणि मग मला दिसलं की चित्राच्या खालच्या बाजूला बरोबर मध्यभागी पिवळ्या ठळक आकड्यांत आनंदाच्या दुकानाचा फोन नंबर आहे.

नंबर तर येतोच, असं त्याचं म्हणणं पडलं. फ्रेम शंभर वर्षं टिकणार, बघणाऱ्याने विचारलं कुठून केली तर? पण माझा चेहरा बघून त्याला दया आली. त्याने फळीवरून एक चंदनाचा हार काढला आणि फ्रेमला असा अडकवला की हाराचा तळ नेमका नंबरावर आला. मोठ्या फ्रेमवर हा हार फुकट होता. फुकट मिळालेला चंदनाचा हार दुकानात ठेवून येणारा मध्यमवर्गीय माणूस मला दाखवा. शिवाय मी स्वतःला समजावलं की हार काय, देवाच्या तसबिरीलाही असतो. मी त्याच्याकडे निव्वळ कलेच्या दृष्टीने बघत होतो.

शनिवारी इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन आला. पहिल्या घरघराटालाच जायफळ बाथरूमवरच्या माळ्यावर जाऊन जुन्या सुटकेसमागे बसला. ही त्याची नेहमीची जागा. दिवाळीत तर तो तिथे मुक्कामच करतो, म्हणून मी वर दुधाची वाटी ठेवली आणि त्याला विसरलो. चित्र दक्षिणेच्या भिंतीवर चढलं. फ्रेमच्या पॉलिशचा वास घरभर भरला, म्हणून मी एक उदबत्ती लावून चित्राखालच्या टेबलावर ठेवली आणि पुढचं दार उघडं टाकलं. सिमेंटच्या धुळीने डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. सुमती नसल्यामुळे दाढी वाढलेली. अशा अवस्थेत मी समोर खुर्ची टाकून माझं काम कौतुकाने बघत बसलो होतो. हेतल दारातून डोकावली. तिने चित्र पाहिलं, मला पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि वास्तुशास्त्रातलं एक अक्षर न बोलता परत गेली. खरी कला माणसाला गप्प करते, असं मी मनाशी म्हटलं.

रविवारी सकाळीही पॉलिशचा वास गेला नव्हता म्हणून मी दुसरी उदबत्ती लावली, आणि लोक यायला लागले. एकेकटे, दुकटे, चपला आवाज न करता काढून आत यायचे, चित्रासमोर बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. मी आधी बावरलो, मग सुखावलो. पार्किंगवरून एकमेकांच्या गाड्यांची हवा सोडणारी ही माणसं दोनशे वर्षांपूर्वीच्या रेषेपुढे नतमस्तक होत होती. मी लाकडी ठशांची माहिती सांगायला लागलो तर ते माझ्या खांद्यावर थोपटायचे. चहा विचारला तर सगळे नको म्हणायचे. उठताना कुणी 'येतो' म्हणेना, तसेच मान खाली घालून निघून जायचे. याचं मात्र मला वाईट वाटलं. चित्र आवडलं म्हणून यजमानाचा निरोपही घेऊ नये, हे काही बरं नाही.

हेतल पिठलंभात घेऊन आली. आज गॅस पेटवू नका काका, म्हणाली. एकट्या माणसाची कणव, असं समजून मी ठेवून घेतला. बेलाताई उकडलेली अंडी आणि मसुराची आमटी घेऊन आल्या. आमच्यात अशा वेळी अंडी देतात, गोल असतात, आयुष्यही असंच फिरत राहतं, असं काहीतरी त्या हळू आवाजात म्हणाल्या. नव्या चित्राच्या निमित्ताने अंडी देण्याची त्यांची रीत मला फार गोड वाटली. मी त्यांच्यासमोरच एक खाल्लं.

आणि मग हरेशभाऊंच्या हाताला धरून मालूबाय आल्या.

त्यांचे गुडघे कामातून गेलेत. पहिल्या मजल्यावरून वर त्या फक्त बोंबलांसाठी चढतात. त्यांना बघून मी घाईने खुर्ची पुढे केली. सभेआधीच निकाल लावायला आल्या असणार. पण त्या माझ्याकडे न बघता चित्राखाली जमिनीवर बसल्या, पदरातून वर्तमानपत्राची पुडी काढली, सोडली, आणि दोन बोंबील उदबत्तीशेजारी मांडले.

"घे रं बाबा," त्या चित्राला म्हणाल्या. "जिता असताना काठी दाखवली तुला. आता पोटभर खा."

आणि पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या.

तेव्हा कुठे माझ्या 'क' श्रेणीच्या डोक्यात प्रकाश पडला. दक्षिणेची भिंत, चंदनाचा हार, उदबत्ती, माझी दाढी, माझे डोळे. मी घरात एका जिवंत बोक्याचं सुतक मांडून बसलो होतो आणि अख्खी सोसायटी मला भेटायला येऊन गेली होती. पिठलंभात माझ्या पोटात होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात हरेशभाऊंनी माझा हात धरला. काका, तुम्ही काळजी करू नका, म्हणाले, तो बंदोबस्ताचा विषय मी काढून टाकलाय, त्या जागी शोकप्रस्ताव घेतलाय.

मी तोंड मिटलं. देवाशप्पथ सांगतो, एक क्षणभर मिटलंच. खरं बोललो तर पिंजरा परत येणार, पिंजरा आला की सुमती येणार नाही. गप्प राहिलो तर बोका वाचला. फक्त त्याला उरलेलं आयुष्य माळ्यावर काढावं लागेल आणि मला या म्हातारीच्या डोळ्यांकडे बघून. मालूबाय रडत होत्या, मागे दारात बेलाताई, हेतल आणि अजून बरेच जण उभे होते, सभेला जाण्याआधी भेटून जावं म्हणून सगळे एकदमच आले होते. आणि त्या गर्दीतून वाट काढत, काठी टेकत, सुमती आत आली.

हेतलने शनिवारीच परत जाताना दारातून माझ्या हॉलचा फोटो काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून ग्रुपवर टाकला होता. तो ग्रुप मी वर्षभरासाठी मुका करून ठेवला आहे. सुमतीने केलेला नाही. तिचे डोळे सुजले होते. मला फोन न करता ती सरळ रिक्षात बसून आली होती, कारण असली गोष्ट फोनवर ऐकायची तिची तयारी नव्हती.

"बॅग खाली रिक्षातच आहे," ती म्हणाली. "ती वर आणायची की तशीच परत न्यायची, ते तुम्ही सांगा. खरं सांगा, तो गेला का हो?"

तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही.

"माळ्यावर आहे," मी म्हणालो. "सुटकेसमागे. हे चित्र त्याचं नाही, जपानी आहे. तुझ्यासाठी लावलं."

कुणाचा विश्वास बसला नाही. हेतलने तर बेलाताईंच्या कानात सांगितलं की काकांच्या मनावर परिणाम झालाय. पण बोंबलाचा वास सगळ्यांआधी जिथे पोचायचा तिथे पोचला होता. माळ्यावर काहीतरी खडखडलं. जायफळ खाली उतरला, आळस दिला, जमलेल्या मंडळींमधून कुणाकडेही न बघता चालत आला आणि स्वतःच्या श्राद्धाचा बोंबील मालूबायच्या पुढ्यातून उचलून तिथेच खायला बसला.

सुमती भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि हसायला आणि रडायला एकदम लागली. तेवढ्यात हरेशभाऊंनी जमलेली माणसं मोजली. सोसायटीच्या सभेला गणसंख्या जमल्याचं कुणाच्या आठवणीत नाही, दर वेळी अर्धा तास तहकूब करून चार जणांत उरकावं लागतं. आज पहिल्यांदाच जमली होती, आणि ती त्यांना सोडवेना. त्यांनी तिथेच सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. पण मग त्यांचा चेहरा पडला. मयत कुणी नसल्यामुळे शोकप्रस्ताव घेता येणार नाही, ते म्हणाले, आणि तो नाही म्हटल्यावर नियमाप्रमाणे जुना विषय परत येतो. तक्रार आईची आहे. आईनेच सांगावं.

सगळे मालूबायकडे बघायला लागले. सुमतीने माझी बाही घट्ट धरली. मालूबायनी डोळे पुसले आणि बोक्याकडे पाहिलं. तो दुसऱ्या बोंबलाला हात घालत होता.

"सकालपासून रडतेय मी याच्यासाठी," त्या म्हणाल्या. "मेला म्हनून माफ केलाय त्याला. आता जिता हाय म्हनून माफी परत घेऊ काय?"

हरेशभाऊंनी विचारलं की मग इतिवृत्तात काय लिहू.

"काय पन लिव. उद्यापासून बोंबलावर जाली टाकीन मी. डोकी त्याची, बाकी माझे."

एकमताने मंजूर झालं. शेवंती सोसायटीत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव. मग हेतलने आमच्या गॅसवर आधण ठेवलं आणि सगळ्यांनी चहा घेतला, बेलाताईंची अंडी वाटून खाल्ली, उरलेलं पिठलं संपलं. मी कोपऱ्यात कप धरून उभा होतो. या माणसांना मी इतकी वर्षं फक्त तक्रारींवरून ओळखत होतो. ती एका बोक्यासाठी तीन मजले चढून आली होती, त्यांनी घरून शिजवून आणलं होतं, माझ्या खांद्यावर थोपटलं होतं, आणि फसले म्हणून एकजणही रागावला नव्हता. मी मोठ्याने आभार मानले. सभेत मानतात तसे नाही, खरे. नीट बोलता आलं नाही, पण त्यांना कळलं असावं.

सुमतीने पाय लांब करून चित्राकडे निवांत पाहिलं. जायफळ तिच्या मांडीवर चढून मिशा साफ करत होता.

"छान आहे," ती म्हणाली. "अहो, रिक्षा किती वेळ ताटकळत ठेवणार? बॅग वर आणा."

मी खाली धावलो. बॅग मागच्या सीटवर होती. रिक्षावाला बाहेर उभा राहून वर बघत होता. कळंबोलीपासून इथपर्यंत बाई रडत आल्या, असं त्याने सांगितलं, आणि मग हळूच विचारलं की कोण गेलं.

"कुणी नाही," मी म्हणालो आणि बॅग उचलली. "सगळे घरीच आहेत."